फळी बोलते, ऐकणारा हवा



पावसाळा आला की रेडिओवाल्यांना आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या कवींची आठवण होते. या वेळीही निरोप आला, 'समुद्र आणि मी' असं काहीतरी बोला, मध्ये दोन-चार कविता वाचा. मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर माझा आणि समुद्राचा संबंध किनाऱ्यापुरताच. आजोबा खलाशी, वडील खलाशी, आणि मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. होडीत बसलो तर खाडीच्या मधोमध मला उलटी होते. तरीही माझ्या दोन्ही संग्रहांत पानोपानी होड्या आहेत. लोकांनी त्या कवितांना टाळ्या दिल्या, कुणी त्यांना 'प्रतिमा' म्हटलं. त्या होड्यांना तळ नव्हता हे मला फार उशिरा कळलं. कसा असणार? बोटीचा तळ मी कधी पाहिलाच नव्हता. तो मला एका अनोळखी माणसाने दाखवला, आणि त्या कामाचे त्याने रीतसर पैसे घेतले. आज त्या माणसाबद्दल बोलतो. कविता राहू द्या.

गोष्ट २०२२ सालच्या जुलैतली आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाड्यासारखं गजबजलेलं बंदरही त्या दोन महिन्यांत मुकं होतं. गावोगावच्या बोटी खाडीकाठी ओढून, झापा-ताडपत्र्यांखाली झाकून ठेवलेल्या असतात. बोटींची खरेदी-विक्रीही याच दिवसांत होते. माझा भाचा आठ-नऊ वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर राबला होता. त्याला स्वतःची बोट हवी होती. नवी परवडणारी नव्हती. पलीकडच्या मोहल्ल्यातले एक वयस्क तांडेल आपली जुनी लाकडी बोट विकत होते. पंचेचाळीस फुटी, सहा सिलिंडरची. किंमत २२ लाख.

या गृहस्थांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. माझे मेहुणे हयात होते तेव्हा दोघांची घट्ट मैत्री. मेहुण्यांच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत चाचा पुढे होते. त्यांचा थोरला मुलगा कुवेतला आहे, धाकटाही एक-दोन वर्षांत जाणार, मग बोट कोण चालवणार, म्हणून ती विकायची. व्यवहार ठरवायला अर्थातच मला पुढे केलं गेलं. शिकलेला माणूस ना! मी गेलो, चहा घेतला, बोट बाहेरून पाहिली. नुकताच रंग दिलेला होता, निळा आणि पांढरा, नाळेवर पिवळी चांदणी. मी म्हटलं, 'चाचा, तुमचा शब्द म्हणजे शब्द.' आणि एक लाख रुपये बयाणा देऊन मोकळा झालो. कागद एका ओळीचा. बोट तपासून घेऊ, असं एक अक्षर त्यात नाही.

तो एक लाख कुठून आला, तेही सांगायला हवं. माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, आपल्या चार बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. बाकीची रक्कम कर्जाची.

घरी येऊन मी मोठ्या ऐटीत सांगितलं, काम झालं. आपाने विचारलं, 'बोट कुणी बघितली?'

'मी बघितली.'

'तुला काय कळतं?'

घरात आम्ही कोकणी बोलतो, त्या बोलीत हा प्रश्न जरा अधिकच झोंबतो. भाचा म्हणाला, 'अम्मी, मी बघितली ना. चाचांची बोट आहे. दर्याला नऊ वर्षं जाते.' आपा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, 'बांगड्या घेऊन सोनाराकडे गेले होते तेव्हा त्याने त्या कसोटीच्या दगडावर घासल्या. तीस वर्षं ओळखतो तो मला. तरी घासल्या. मला राग आला का? नाही आला. सोनं बघायचं तर दगड लागतो. मग बोट बघायला कोण आहे? पैसे घेऊन खरं सांगेल असा माणूस मला आणून दे.'

आपा चौथीपर्यंत शिकली आहे. आमच्या बी.ए.ला हे सुचलं नव्हतं.

आता श्रोतेहो, मुंबईत किंवा परदेशात कुणी बोट विकत घेताना सर्व्हेअर लावतो, यात नवल काहीच नाही. ही पद्धत फार जुनी आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉईड नावाच्या माणसाचं कॉफीघर होतं. तिथे जहाजवाले, व्यापारी, विमा उतरवणारे जमत. जहाज धडकं आहे की नाही हे ठाऊक नसताना त्यावर पैसे कसे लावायचे, हा त्यांचा प्रश्न. म्हणून त्या वर्तुळातल्या लोकांनी १७६० मध्ये एक मंडळ काढलं, आणि जहाजं तपासून त्यांची नोंदवही छापायला सुरुवात केली. जहाजाच्या सांगाड्याला इंग्रजी स्वरांपैकी एक अक्षर मिळे, 'ए' म्हणजे उत्तम. साहित्य-सरंजामाचा दर्जा वेगळा, आणि पुढे तो आकड्यांत देऊ लागले. दोन्ही उत्तम असेल ते जहाज 'ए-वन'. आपल्याकडे चहाच्या टपरीवर, टेलरच्या पाटीवर, फरसाणाच्या पुडीवर जे 'एवन' लिहिलेलं असतं, ते असं जहाजांच्या तपासणीतून आलेलं आहे. शब्द आपण उचलला, तपासणी तेवढी तिकडे राहिली!

पण त्या नोंदवहीची एक बाजू लक्षात ठेवा. तिथे जहाजाकडे पाहणारे डोळे पैशाच्या काळजीने पाहात होते. खलाशाच्या जिवाची काळजी कायद्यात यायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात सडकी, प्रमाणाबाहेर लादलेली जहाजं भरघोस विमा उतरवून समुद्रावर पाठवली जात. बुडालं तरी मालकाचा तोटा नाही. खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध आवाज उठवला, १८७३ मध्ये पुस्तक लिहिलं, पार्लमेंटमध्ये आरडाओरडा केला. तेव्हा कुठे १८७६ मध्ये जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. १७६० ते १८७६. म्हणजे ११६ वर्षं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण चाचांना जाऊन 'तुमची बोट तपासायला माणूस आणतो' असं सांगायची वेळ आली, तेव्हा माझी जीभ उचलेना. व्यवहारातल्या दलालाला कुणकुण लागताच तो धावत आला. म्हणाला, 'साहेब, कशाला खर्च? आमच्या ओळखीचा एक सर्व्हेअर आहे, बसल्या जागी कागद देईल. आणि हा बघा, दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आहेच.' त्याने खरोखरच एक रिपोर्ट काढून दिला. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. मीही भुललो असतो. पण मध्ये आपा होती.

मी विमा कार्यालयात चौकशी केली, दोन नावं मिळाली. पहिल्याला फोन केला. तो सरळ म्हणाला, 'मी मुख्यतः मोटारींचं काम करतो. लाकडी बोट तपासणं माझं काम नाही. तुमचे पैसे फुकट घालवू नका.' त्या माणसाला मी आजही दुवा देतो. दुसरे गृहस्थ मुंबईचे. व्यापारी जहाजांवर इंजिनीअर म्हणून आयुष्य काढलेलं. त्यांनी फोनवर मला चार प्रश्न विचारले. बोट लाकडी की फायबरची? पाण्यात आहे की किनाऱ्यावर? पैसे मला कोण देणार, घेणारा की विकणारा? आणि चौथा प्रश्न, बोट कोण चालवणार?

मी म्हटलं, 'माझा भाचा.'

'मग येतो. फी १२ हजार, आणि येण्याजाण्याचा खर्च. रिपोर्ट तुमच्या हातात देईन. दलालाला नाही, विकणाऱ्यालाही नाही.'

दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टाबद्दल मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'तो विमा कंपनीने काढून घेतलेला. बोट अस्तित्वात आहे का, तिची किंमत साधारण किती, एवढंच त्यांना हवं होतं. ज्याने प्रश्न विचारला त्याला उत्तर मिळालं. तुमचा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नाही.'

बकरी ईद होऊन तीन-चार दिवस झाले होते. साहेब पहाटेच्या गाडीने उतरले. साठीचा, सडपातळ माणूस, अंगात जुनी खाकी पँट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. चाचांच्या घरी नाश्ता मांडलेला होता. साहेबांनी हात जोडले. 'काम झाल्यावर चहा घेईन. आधी कुणाचं मीठ खाल्लं की टोच्या मारताना हात अडखळतो.' चाचांचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आदल्या दिवशीच त्यांनी निरोप दिला होता, रात्री बोटीवरची ताडपत्री काढून ठेवा. दलाल कुरकुरला, पावसात भिजेल की! साहेब म्हणाले, 'भिजूच दे. पावसाळ्यात बोट तपासायला मिळणं हे नशीब. गळती लपत नाही.'

पिशवीतून काय निघालं? एक लहान हातोडी, एक टोच्या, बॅटरी, काडीला बांधलेला छोटा आरसा, खडू आणि वही. ज्याच्यावर घराचं सोनं लागलं आहे, ते तपासायला एवढंच? मी जरा निराशच झालो. साहेब चिखलात आडवे झाले आणि बोटीखाली सरकले. मला म्हणाले, 'तुम्ही पण या. पैसे तुम्ही देताय, बघायला नको?'

असा मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बोटीच्या तळाखाली आडवा झालो.

ते हातोडीने फळीवर हळूच ठोकत पुढे सरकत होते. टक, टक, टक. जणू कुणी दारावर ठोठावतंय आणि आतून 'ओ' येण्याची वाट बघतंय. जिथे आवाज खणखणीत तिथे पुढे. जिथे शंका तिथे खडूची खूण. मला म्हणाले, 'रंग डोळ्यांना फसवतो, कानाला फसवत नाही.' पाण्यातली एक कीड असते, ती बाहेरून टाचणीएवढं भोक पाडते आणि आत लाकडात लांबच लांब बोगदे करते. वरून फळी अखंड, आतून पोकळ. ती डोळ्यांना दिसत नाही, आवाजात कळते. सुदैवाने तशी कीड फारशी नव्हती.

मागच्या बाजूला पंख्याजवळ जस्ताच्या वड्या बसवलेल्या होत्या. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो. पंखा झिजू नये म्हणून जस्ताची वडी लावतात, ती पंख्याच्या वाटचं मरण स्वतःवर घेते. पण चाचांच्या बोटीवर वड्यांनाही झकास लाल रंग फासलेला. साहेब हसले. 'रंगाखाली झाकली की ही वडी काही करत नाही. शोभेची झाली. म्हणूनच पंख्याच्या कडा अशा झाल्यात बघा.' त्यांनी माझं बोट धरून कडेवरून फिरवलं. करवतीसारखी लागली.

मग त्यांनी एक खिळा काढायला सांगितला. बाहेरून डोकं शाबूत, पण मधे कमरेत गंजून काडीसारखा बारीक झालेला. चाचा म्हणाले, 'साग आहे साहेब. साग शंभर वर्षं मरत नाही.' साहेब म्हणाले, 'खरं आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी जहाज, ट्रिंकोमाली त्याचं नाव, इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. पण ते नुसत्या सागावर नाही तरंगत. लोक त्याच्याकडे बघत आले, दुरुस्त करत आले, म्हणून तरंगतंय. साग टिकतो हो. त्याला धरून ठेवणारा खिळा टिकत नाही.'

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे खर्चाचं, पण ठीक. मग ते वर चढून मासळी ठेवायच्या बर्फाच्या कप्प्यात उतरले. बराच वेळ झाला. बाहेर आले ते चाचांना म्हणाले, 'आतल्या अस्तराच्या दोन फळ्या काढाव्या लागतील. मागच्या फासळ्या बघायच्या आहेत.'

चाचा एकदम म्हणाले, 'नाही.'

'परत बसवून देऊ.'

'नाही म्हणजे नाही. माझी बोट विकली जायची आहे, कापली जायची नाही. नऊ वर्षं पोरं घेऊन गेलो मी तिच्यात. आज मला चोर ठरवताय?' हे शेवटचं वाक्य त्यांनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हटलं.

साहेब शांतपणे म्हणाले, 'तुमची बोट, तुमची मर्जी. मी एवढंच लिहीन की हा भाग मला बघू दिला नाही.' त्यांनी तसं लिहिलं, हात धुतले आणि चहा मागून घेतला. चहा पिताना मात्र ते अगदी घरच्यासारखे बोलत होते.

जाताना मी त्यांना स्टेशनवर विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' ते म्हणाले, 'वाटतं ते मी लिहीत नाही, बघितलं तेवढंच लिहितो. पण एक सांगतो. लाकडाला खारं पाणी मारत नाही, गोडं पाणी मारतं. समुद्र बाहेर असतो, तो लाकूड मुरवतो. पाऊस डेकच्या फटीतून आत उतरतो, बर्फ वितळून अस्तरामागे मुरतो, आणि लाकूड तिथे सडतं. जिथे वारा लागत नाही, जिथे कुणी बघत नाही तिथे. ते मला बघायचं होतं.'

ती रात्र माझी फार वाईट गेली. मोहल्ल्यात बातमी पसरली होती की मी मुंबईचा माणूस आणून चाचांचा अपमान केला. भाचा माझ्याशी बोलेना. 'मामू, बयाणा गेला समजा. आणि इज्जतही.' मलाही वाटत होतं, थोडक्यात आटोपायला हवं होतं. मेलेल्या मेहुण्याच्या दोस्तावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग कुणावर?

आणि त्या रात्री मला माझे वडील आठवले.

ते मचव्यावर खलाशी होते. मंगळुरी कौलं भरून मचवे किनाऱ्याकिनाऱ्याने वर येत, त्यातल्या एकावर. मी लहान असताना एका रात्री तो मचवा फुटला. पुढची फळी सुटली. रात्रभर बादल्यांनी पाणी उपसलं, पहाटे दुसऱ्या गलबताने त्यांना उचललं. सातजण परत आले. आठवा, वडिलांचा लहानपणापासूनचा सोबती, आला नाही. वडील त्यावर कधी बोलले नाहीत. फक्त एकदा, मी कॉलेजात असताना, मी समुद्रावरची एक कविता त्यांना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, 'फळी सुटायच्या आधी बोलते. आम्ही ऐकलं होतं. मालकाला सांगितलं होतं. तो म्हणाला, ही फेरी होऊ दे, मग बघू.'

मी ते वाक्य तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. कवितेत वापरावं म्हणून! त्याचा अर्थ त्या रात्री लागला.

लहानपणी मदरशात ऐकलेली हदीसमधली एक हकिकतही आठवली. पैगंबरसाहेब बाजारातून जाताना एका धान्याच्या ढिगात हात घालतात, तर बोटांना ओल लागते. विकणारा म्हणतो, पावसाने भिजलं. ते विचारतात, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. लहानपणी मला ती गोष्ट फक्त लबाड दुकानदाराची वाटायची. त्या रात्री प्रथमच लक्षात आलं की तिथे आधी हात घालून पाहिलेलं आहे. ढिगात हात घालणं हा अपमान नाही. तिसऱ्या दिवशी मी बयाण्याचा विचार सोडला आणि ठरवलं, फळी उघडली तरच बोट, नाहीतर नाही.

पण मला जावं लागलं नाही. त्याच दिवशी इशाच्या नमाजनंतर चाचाच दारात उभे. धाकटा मुलगा बरोबर. आत आले नाहीत. म्हणाले, 'उद्या सकाळी या. फळी उघडतो.'

सकाळी गावातल्या सुतारमेस्त्रींना बोलावलं होतं. साहेब मुंबईत, ते फोनवर. मेस्त्रींनी अस्तराच्या दोन फळ्या काढल्या आणि मागच्या फासळीवर पटाशी टेकवली. नुसती टेकवली, ठोकली नाही. ती मुठीपर्यंत आत गेली. ओला भुसा हातात आला, कॉफीसारखा काळा. त्याच्या शेजारची फासळी तशीच. त्याच्या पुढची अर्धी. बाहेरच्या फळ्या नुसत्या रंगाच्या आणि सवयीच्या जोरावर उभ्या होत्या.

मी चाचांकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते नजर चुकवतील. ते त्या भुशाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी धाकट्या मुलाचं मनगट धरलं. बोट विकली गेली नसती तर १ ऑगस्टला तोच मुलगा ती घेऊन दर्याला जाणार होता. सहा खलाश्यांना घेऊन.

माझी समजूत होती की इथे एकतर फसवणारा आहे, नाहीतर विश्वास ठेवणारा आहे. तसं काही नव्हतंच. चाचांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी नऊ वर्षांत ती फळी उघडलीच नव्हती. कुठेतरी मनात शंका असेल, म्हणून 'नाही' इतक्या मोठ्याने आलं असेल. पण ज्या गोष्टीवर आपलं घर चालतं, जिच्यावर जीव असतो, तिच्या पोटात टोच्या घालून बघायला आपला हात होत नाही. त्याला परकाच हात लागतो. आम्ही तो परका आमच्यासाठी आणला होता. उपयोग त्यांनाही झाला.

पुढची हकिकत थोडक्यात. साहेबांचा रिपोर्ट आला, अकरा पानांचा. तीन याद्या होत्या. दर्याला जाण्याआधी करायचंच ते, या हंगामात करायचं ते, आणि नुसतं लक्ष ठेवायचं ते. शेवटी लिहिलं होतं, ही तपासणी या दिवसाची आहे, उद्याची हमी नाही. दुरुस्तीचा अंदाज साडेतीन लाख. बोटीची किंमत साडेअठरा लाखांवर आली, आणि या वेळी कागद नीट झाला. शेवटचा हप्ता बोट पाण्यात जाऊन इंजिनाची चाचणी झाल्यावर.

दुरुस्ती साडेतीनात झाली नाही हेही सांगतो, नाहीतर ही गोष्ट फार गुळगुळीत होईल. उघडल्यावर आणखी सड निघाली, खर्च पावणेपाच लाखांवर गेला. मेस्त्री गणपतीला घरी बसले, काम आठ दिवस बंद. नारळी पौर्णिमा गेली, बाकीच्या बोटी ऑगस्टपासून मासळी आणत होत्या आणि आमचा भाचा किनाऱ्यावर लाकूड घासत होता. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या उधाणावर बोट पाण्यात गेली. साहेब पुन्हा आले. आल्या आल्या त्यांनी इंजिनावर हात ठेवला, थंड आहे ना हे बघायला. आधीच कुणी गरम करून ठेवलं असेल तर थंड इंजिन सुरू होताना काय करतं ते कळत नाही. मग अर्धा तास पूर्ण वेगाने खाडीच्या तोंडापर्यंत नेलं. ते धुराकडे बघत होते. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, निळा म्हणजे इंजिन तेल खातंय, पांढरा थांबतच नसेल तर कुठेतरी पाणी शिरतंय. आमचा धूर नावापुरता होता. आणि मी? मी कठड्याला धरून उलटी करत होतो.

तुमच्यापैकी कुणी जुनी बोट घेणार असेल, किंवा कुणा भाच्या-पुतण्यासाठी घेऊन देणार असेल, तर चार गोष्टी माझ्या अनुभवातून सांगतो. बयाणा देण्याआधी कागदावर लिहून घ्या की तपासणीनंतरच व्यवहार पक्का. सर्व्हेअर स्वतः शोधा, त्याचे पैसे स्वतः द्या, दलालाने आणलेला फुकटचा माणूस सर्वांत महाग पडतो. त्याला आधी विचारा, लाकडाच्या बोटी तपासल्या आहेत का, की फायबरच्या, दोन्हींचे रोग वेगळे असतात. तपासणी चालू असताना तिथे हजर राहा, चिखलात आडवं व्हायला लाजू नका. आणि रिपोर्टात जे लिहिलंय ते वाचाच, पण 'बघू दिलं नाही' असं जिथे लिहिलंय तिथे बोट ठेवून थांबा. नोंदणीचे कागद, इंजिनाचा नंबर, बोटीवरचं कर्ज, हे सगळं वेगळं तपासायचं, ते सर्व्हेअरचं काम नव्हे.

आपाच्या बांगड्या दोन हंगामांनी सुटून आल्या. चाचा अजून आमच्याकडे येतात. पहिले काही महिने ते माझ्याशी जरा तुटक वागत, नंतर तेही गेलं. गेल्या वर्षी त्यांनी आपलं घर शाकारायला काढलं, तेव्हा मला बोलावून घेतलं. म्हणाले, 'वर चढून वाशांवर जरा ठोकून बघ. तुला आता आवाज कळतो.'

मला कळत नाही. तरी चढलो. सात नंबरच्या वाशाशी थांबलो, पुन्हा ठोकलं, आणि खाली उभ्या असलेल्या त्यांच्या नातवाला म्हटलं, खडू दे रे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)